अपमान, कविता आणि मास्तर

कवितेने दुःख हलके होते, असे आपण सहज म्हणून जातो. पण कातडीच्या रंगावरून झालेला अपमान ज्या विद्यार्थ्याच्या मनात रुतून बसला आहे, त्याच्यापुढे कविता ठेवावी कशी? या बाबतीत अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय कवींच्या कविता मला, एका शाळामास्तराला, फार मोलाच्या वाटतात.

पहिली काउंटे कलन याची ‘इन्सिडेंट’. १९२५ च्या ‘कलर’ या संग्रहातली ही कविता अवघ्या बारा ओळींची. बाल्टिमोर शहरात आठ वर्षांच्या मुलाला त्याच्याएवढाच दुसरा मुलगा वर्णावरून शिवी देतो, एवढीच हकिगत. मुलगा तेथे कित्येक महिने राहतो. पण मागाहून आठवते ती तेवढीच गोष्ट. कवी आक्रोश करीत नाही की उपदेश करीत नाही. बालगीताच्या साध्या ठेक्यात तो सांगून मोकळा होतो, आणि त्या हलक्या ठेक्यामुळेच घाव खोल जातो. ही कविता वाचणाऱ्या मुलाला उमगते, की हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेले नाही. लाज वाटायची तर ती शिवी देणाऱ्याला. शिवाय स्वतःची जखम न उघडता त्याला कवितेतल्या मुलाविषयी बोलता येते. कलन स्वतः १९३४ पासून न्यूयॉर्कमध्ये शाळाशिक्षक होता. जेम्स बाल्डविन हा पुढे नामवंत झालेला लेखक त्याच शाळेतला.

दुसरी कविता लँग्स्टन ह्यूज याची, ‘थीम फॉर इंग्लिश बी’. ती १९५१ च्या ‘मोंटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’ या त्याच्या पुस्तकात आहे. गोरे मास्तर मनातले एक पान लिहून आणायला सांगतात. वर्गातला एकुलता एक कृष्णवर्णीय विद्यार्थी, वय वर्षे २२, लिहू लागतो. आणि लिहिता लिहिता सुचवतो, की मास्तर, शिकायचे तुम्हालाही आहे. बोलणे नम्र, पण झोंबणारे!

म्हणूनच कवितेला मलमाची डबी समजणाऱ्यांशी माझे भांडण आहे. शिवी देणाऱ्याला जाब न विचारता ज्याला शिवी बसली त्याच्या हाती कविता देणे, ही पळवाट झाली. जात आणि वंश एक नव्हेत. तरी १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून आपले नाव घेतले, ते उगीच नव्हे. वर्गातला अपमान आपल्यालाही परका नाही. तेव्हा अशा मुलाचे पान हाती आले, की मास्तरांनी तांबडी शाई बाजूला ठेवावी, आणि हे पत्र आपल्यालाच आले आहे, असे समजून ते वाचावे.