साठ दाते, वीस हजार चाळीस पल्स

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की बोलणे राखेवर जाते, नाहीतर पाण्यावर. माझी दाद मात्र अशा केंद्रांतल्या एका दातेरी चाकाला. 250 मेगावॅटच्या संचाचा शाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेतो. हा वेग मोजायला शाफ्टवर 60 दात्यांचे चाक बसवण्याची जुनी रीत आहे. संवेदकासमोरून दाता गेला की एक पल्स. सेकंदाला 3000 पल्स आले की मिनिटाचे फेरेही 3000! मिनिटाचे 60 सेकंद आणि चाकाचे 60 दाते परस्पर कटले. 64 दात्यांनी काम काही अडले नसते, पण ही लज्जत गेली असती.

हीच युक्ती विजेच्या फ्रिक्वेन्सीला लावावी तर फसते. सेकंदभर आवर्तने मोजली तर उत्तर 50, फार तर 49 किंवा 51. एका पल्सची चूक धरावीच लागते. ग्रीडला तर 49.90 ते 50.05 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात राहायचे असते. शंभर सेकंद मोजत बसले तर तेवढी बारकाई येईल, पण तोवर ग्रीडवर काय काय होऊन जाईल!

म्हणून मोजणीच उलटी करतात, आणि ही जागा मला सर्वांत आवडते. एका आवर्तनाच्या पोटात क्वार्ट्झ घड्याळाचे किती पल्स मावतात, ते मोजायचे. घड्याळ सेकंदाला दहा लाख पल्स देत असेल, तर 50 हर्ट्झला 20,000 भरतात, 49.90 ला 20,040 आणि 50.05 ला 19,980. जिथे फरक दिसतच नव्हता तिथे चाळीस पल्सचे अंतर पडले, तेही 20 मिलिसेकंदांत. वीज मंदावली की आकडा चढतो, एवढा त्याचा उलटा स्वभाव सांभाळायचा. (प्रत्यक्षात लाट खडबडीत असते, ती आधी गाळून चौकोनी करतात, मग अनेक आवर्तनांची सरासरी घेतात.)

पुढचे काम गव्हर्नरचे, म्हणजे टर्बाइनची वाफ कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाचे. ड्रूप (फ्रिक्वेन्सी किती टक्के घसरली की संचाने पूर्ण क्षमतेएवढी वीज वाढवायची, ते प्रमाण) 5 टक्के ठेवला, तर 0.1 हर्ट्झच्या घसरणीला 250 मेगावॅटचा संच वाफेचे व्हॉल्व्ह उघडून 10 मेगावॅट जादा देतो. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रीडही देशाशी जोडले गेले. एवढ्या पसाऱ्यात एकट्या संचाचे 10 मेगावॅट कुठे दिसणार? पण तीच घसरण देशभरचे गव्हर्नर आपापल्या जागी मोजत असतात, कोणी कोणाला फोन न करता.

पडद्यावर शेवटी भागाकार करून 49.90 दाखवतात. सोयीचे आहे, मान्य. मला विचाराल तर कोपऱ्यात ते कच्चे 20,040 सुद्धा असू द्यावेत.