‘त्रिकाल’ : सांगणारा आणि न सांगणारी

श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) आम्ही अलीकडे बोईसरच्या काही युवक-युवतींसमवेत पुन्हा पाहिला. आमच्या तारापूर, शिरगाव, केळवे-माहीमच्या किल्ल्यांवरील पोर्तुगीज अंमल १७३९ साली संपला. गोव्यात तो १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकला. त्यामुळे या चित्रपटातील सोझ-सोआरिश घराणे आमच्या वाचकांना परके वाटणार नाही आणि पुरते आपलेही वाटणार नाही.

कथा सत्तांतराच्या उंबरठ्यावरची. घरधनी एर्नेस्तो वारला आहे. पत्नी दोना मारिया (लीला नायडू) ते मानावयास तयार नाही. दुखवट्यामुळे नात आना हिचा साखरपुडा अडला आहे आणि तिचे मन घरात लपून राहिलेल्या स्वातंत्र्यवादी लिओनकडे ओढ घेते. बहुतेकांच्या लक्षात राहते ती हीच प्रेमकथा. मारिओ मिरांडा यांचा लोटलीचा वाडा आणि अशोक मेहता यांनी टिपलेला मेणबत्त्यांचा उजेड यांचाही त्यात वाटा आहे. बेनेगल यांना या दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथायोग्यच.

आम्हांस मात्र खरी कथा मिलाग्रेनियाची (नीना गुप्ता) वाटते. ती एर्नेस्तोचीच अनौरस मुलगी आणि त्याच घरातली मोलकरीण. पतीच्या आत्म्याला बोलावण्यासाठी दोना मारिया तिलाच माध्यम करते. (या प्रकाराविषयी ख्रिस्तसभेचे मत वाचक जाणतात, दिग्दर्शकाने त्याचा उपयोग मात्र मार्मिकपणे केला आहे.) पती येत नाही, येतात ते घराण्याच्या पूर्वजांनी ज्यांचा घात केला ते राणे. तरुण रुईझचा जीव आनावर जडलेला. संग मात्र तो मिलाग्रेनियाशी करतो आणि तिला दिवस गेले असता निघून जातो. २४ वर्षांनी परतलेला हाच रुईझ (नसीरुद्दीन शाह) आपल्याला सारी हकिगत सांगतो.

येथेच आमचे समाधान होत नाही. ज्याने अपराध केला त्याच्याच हळव्या आठवणीतून आपण सर्व पाहतो, आणि तो सुंदर उजेड त्याच्या हळवेपणाला साथ देतो. बेनेगल मिलाग्रेनियाला चेहरा देतात, स्वतःची आठवण देत नाहीत. आमच्याही काही घरांत डहाणू-तलासरीकडच्या मुली धुणीभांडी करतात. त्यांचे पूर्ण नाव कितीजणांस ठाऊक असते?

चर्चेत एका मुलीने विचारले, “फादर, सैन्य गोव्यात आले त्या दिवशी मिलाग्रेनिया काय करत असेल?” आम्हांस सांगता आले नाही. चित्रपट पुन्हा एकदा पाहावयाचे ठरले.