झोपायची जागा, चूल आणि संडास: ‘दुसरं घर’ ही व्याख्या कशी वाचायची?



पेटची तयारी करताना ‘कार्यात्मक व्याख्या’ हा मुद्दा आपण सगळेच पाठ करतो. संकल्पना मोजता येईल अशा शब्दांत मांडणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या, बरोबर पर्यायावर खूण केली की झालं. खरी अडचण पुढे येते. संशोधन आराखडा समितीसमोर मांडताना कुणीतरी शांतपणे विचारतं, “तुमच्या अभ्यासात घर म्हणजे नेमकं काय?” आणि आपण गप्प.

म्हणून आज एका व्याख्येची चिकित्सा करून बघू. ती मुद्दाम आयकराच्या कायद्यातून घेतली आहे. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येवर कुणाचे पैसे अडकलेले नसतात. कायद्यातल्या व्याख्येवर असतात, त्यामुळे लोक तिच्या कडेकडेने चालून तिला ताणून बघतात. व्याख्या कुठे फाटते ते तिथे पटकन दिसतं.

प्रश्न असा: कर्ज काढून कॅम्पर घेतली, तर तिला ‘दुसरं घर’ म्हणून कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा करता येईल का?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या धाडमध्ये ‘कॅम्पर’ म्हटलं की कुणाला बोलेरो कॅम्पर आठवेल, तर कुणाला लग्नातला थंड पाण्याचा कॅम्पर. इथे अर्थ आहे झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास असलेली मोठी गाडी, म्हणजे चाकावरचं घर. एकाच शब्दाचे एकाच गावात तीन अर्थ निघतात. प्रश्नावली लिहिताना हे लक्षात असू द्या.

अमेरिकेचं उत्तर: हो, पण...

अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणेने वैयक्तिक कर्जांच्या व्याजाची वजावट काढून टाकली. राहत्या घराच्या कर्जाला मात्र सूट ठेवली, मुख्य घर आणि आणखी एक घर अशा दोन घरांपुरती. मग ‘घर’ म्हणजे काय? तिथल्या कर खात्याच्या मते साधं घर, फ्लॅट, चाकांवरचं घर, बोट किंवा तत्सम मालमत्ता. अट एवढीच की तिथे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय हवी. भिंत, पाया, सात-बारा काही नाही. तीन सोयी असल्या की घर.

अर्थात बाकी अटी आहेत. कर्ज त्याच मालमत्तेच्या तारणावर हवं. १५ डिसेंबर २०१७ नंतरच्या कर्जांना साडेसात लाख डॉलरची मर्यादा आहे. शिवाय सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट सोडून एकेक खर्च वेगळा दाखवावा लागतो.

ही व्याख्या पहिल्या वाचनात फार आवडते. ती वस्तूचा आकार बघत नाही, उपयोग बघते, आणि तपासायलाही सोपी आहे.

पण नीट बघा, ती मोजते काय? तिथे कुणी राहतं का, हे ती विचारतच नाही. राहता येईल का, एवढंच विचारते. दुसरं घर भाड्याने दिलेलं नसेल तर वर्षभरात तिथे एक रात्रही काढायची गरज नाही. भाड्याने दिलं असेल तर मात्र १४ दिवस किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्याहून अधिक दिवस स्वतः वापरावं लागतं. म्हणजे शेडमध्ये झाकून ठेवलेली आलिशान गाडी घर ठरते. पण साध्या व्हॅनमध्ये गादी टाकून बारा महिने राहणारा माणूस, संडास नाही म्हणून व्याख्येबाहेर जातो.

संशोधनाच्या भाषेत इथे वैधतेचा प्रश्न आहे. मोजायचं होतं ‘निवास’, मोजली गेली ‘सोय’.

याच व्याख्येची दुसरी धारही आहे. करकायद्याच्या दुसऱ्या एका कलमात घराची अशीच व्यापक व्याख्या आहे. १९८० साली अमेरिकेच्या कर न्यायालयाने भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका छोट्या मोटारघराला त्या कलमाखाली निवासस्थान ठरवलं. त्यामुळे मालकाच्या खर्चाच्या वजावटीवर मर्यादा आली. व्याजाच्या वेळी ‘हे घर आहे’ म्हणणं फायद्याचं, धंद्याचा खर्च दाखवताना ‘ही गाडी आहे’ म्हणणं फायद्याचं. वस्तू तीच असते.

आपलं उत्तर: नाही

आयकर कायदा, १९६१ च्या कलम २२ मध्ये घरमालमत्ता म्हणजे इमारत आणि तिला लागून असलेली जमीन, आणि करदाता तिचा मालक हवा. कर्जाच्या व्याजाची वजावट कलम २४(ब) मध्ये येते. गाडी ही इमारत नव्हे. मोटार वाहन कायद्याखालच्या २००४ च्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनाचाच एक प्रकार आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे, त्यातही घरमालमत्तेचं शीर्ष कायम आहे.

गाडी पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा केला तर व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते याच अंगाने. पण तिथे ती गाडी धंद्याचं साधन असते, घर नसते.

गंमत म्हणजे गाडीच्या कर्जाचं व्याज आपल्याकडे वजा होतच नव्हतं असंही नाही. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या विजेवरच्या वाहनाच्या कर्जावर कलम ८०ईईबी खाली दीड लाखापर्यंत वजावट होती. त्या गाडीत पलंग आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही. सरकारला विजेवरच्या गाड्या वाढवायच्या होत्या, म्हणून त्या कलमाचा शब्द ‘विजेवरचं वाहन’.

मग आपली ‘इमारत’वाली व्याख्या जास्त चांगली म्हणायची का? तीही चिकित्सेत टिकत नाही. आधी स्वतः राहत असलेलं एकच घर धरलं जायचं. आर्थिक वर्ष २०१९-२० पासून दोन घरं धरता येतात. जुन्या करप्रणालीत दोन्ही मिळून व्याजाची कमाल मर्यादा दोन लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत अशा घरांवर ही वजावट नाही. नोकरी-धंद्यासाठी दुसरीकडे राहावं लागत असेल तर रिकामं घरही चालत होतं. २०२५ च्या वित्त कायद्याने कोणत्याही कारणाने रिकामं असलं तरी चालेल असं केलं. करदात्याची कटकट कमी झाली हे खरं. पण ‘स्वतः राहण्याचं घर’ या शब्दांतून ‘राहण्याचं’ हा भाग जवळपास गळून पडला.

म्हणजे दोन देश दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले. तिकडे रिकामी गाडी घर आहे, इकडे कुलूप लावलेला फ्लॅट. माझं म्हणणं एवढंच: दोन्ही व्याख्या निवासाचं नाव घेतात आणि मालमत्तेसाठीच्या कर्जाला सवलत देतात.

व्याख्या चूक नसते, कामाची नसते

विज्ञानातलं उदाहरण घ्या. हवामान खात्याच्या हिशेबाने २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर तो ‘पावसाचा दिवस’. २.४ पडला तर नाही. पण सोयाबीन पेरायला निघालेल्या शेतकऱ्याला कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायला सांगतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला नोंद ठेवण्यासाठी आहे, दुसरा बियाणं वाया जाऊ नये म्हणून. पहिल्या आकड्यावर पेरणी केली तर नुकसान शेतकऱ्याचं.

आता समजा तुम्ही धाड परिसरात ‘दुसऱ्या घरांचा’ अभ्यास करताय. परदेशी शोधनिबंधातून व्याख्या उचलली आणि प्रश्नावलीत लिहिलं, “तुमचं दुसरं घर आहे का?” काय येईल? कुणाचं गावात घर आणि शेतात राहायची खोली आहे. शेतकऱ्याला शेतीच्या कामामुळे लागणारं शेतावरचं घर ठरावीक अटींवर आयकराच्या दृष्टीने शेतीउत्पन्नाच्या बाजूला जातं. कुणी पोरांच्या शाळेसाठी बुलढाण्यात भाड्याने खोली केली आहे. तिथे बायको-मुलं खरोखर राहतात, पण मालकी नाही. कुणाचा शहरात बंद फ्लॅट आहे. तिघंही ‘हो’ म्हणतील आणि तुमच्या तक्त्यात तिघंही एकाच रकान्यात पडतील.

चौथा माणूस बहुतेक ‘नाही’ म्हणेल, तो म्हणजे ऊसतोड कामगार. धाडहून भोकरदनच्या बाजूला निघालं की थोड्याच वेळात जालना जिल्हा लागतो. तिथून आणि बीडमधून कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर त्यांचा संसार कोपीत असतो. झोपणं तिथेच, चूलही तिथेच. संडास बहुधा नसतो, मालकी नसते, इमारतही नसते. वर्षातले पाच-सहा महिने प्रत्यक्ष राहूनही ती कोपी वरच्या दोन्ही व्याख्यांत बसत नाही.

करसवलत त्यांना तशीही उपयोगाची नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्या एका व्याख्येत त्यांचं बरंच अडकलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत लोकांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीत. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख आपल्याकडे १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. जनगणनेची घराची व्याख्या मात्र लवचिक आहे. भिंत नसलेली, शंकूच्या आकाराची पण दार असलेली रचनाही ती घर म्हणून धरते. कारण तिला माणसं मोजायची आहेत, एकही सुटायला नको. हेतू बदलला तशी घराची कडाही सरकली.

व्याख्या हातात आली की विचारायचे तीन प्रश्न

१. ही कुणी, कोणत्या कामासाठी बनवली? ते काम आणि माझा संशोधनप्रश्न एकच आहे का?

२. ती म्हणते काय आणि प्रत्यक्षात मोजते काय? निवास, सोय, की मालकी?

३. कडेवर कोण आहे? किमान चार कडेची उदाहरणं लिहा, दोन आत येणारी, दोन बाहेर राहणारी. बाहेर राहणाऱ्याला बाहेर ठेवल्याचं कारण तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

तुमच्या आराखड्यातला सगळ्यात साधा शब्द घ्या: शेतकरी, कुटुंब, स्थलांतरित, पाणीटंचाई, काहीही. त्याला हे तीन प्रश्न लावा. आणि माहिती गोळा करायला निघण्याआधी लावा, कारण दोनशे प्रश्नावल्या भरून झाल्यावर व्याख्या बदलली तर गावोगाव पुन्हा फिरावं लागतं.