निळ्या बशीची पाठ

पांढऱ्या भूमीवर निळ्या रंगाने हाती चितारलेल्या जुन्या बशा जमविणारा मनुष्य ओळखावयाचा असेल, तर त्याच्या हाती अशी एक बशी द्यावी आणि स्वस्थ पाहत बसावे. चित्र समोरच्या अंगास असते. पण तो गृहस्थ बशी प्रथम उलटी करील. पाठीवर निळ्या दुहेरी वर्तुळात सहा चिनी अक्षरे दिसली की त्याचा चेहरा उजळतो. पाठ कोरी निघाली की तोच चेहरा उतरतो. मग सावकाश ती बशी सुलटी होते. परंतु पुढच्या अंगावरील कमळे, पक्षी, नावा आणि डोंगर ह्यांविषयी काय वाटून घ्यावयाचे, ते पाठीने तोवर ठरवून टाकलेले असते.

ह्या प्रकारास हसण्यापूर्वी मराठी रसिकाने थोडे थांबावे. अभंग वाचावयास घेतला की आपली दृष्टी शेवटच्या चरणाकडे धावते की नाही? तेथे 'नामा म्हणे' असे दिसले की वरच्या ओळी एकाएकी गोड लागू लागतात. पुढे कोणी संशोधक येतो आणि ही रचना नामदेवांची नव्हे, तीनशे वर्षांनंतरच्या विष्णुदास नाम्याची आहे, असे सांगतो. तेव्हा एक अक्षरही न बदललेला तो अभंग आपल्याच तोंडात अळणी होतो. बशीची पाठ आणि अभंगाची नाममुद्रा ह्यांचा प्रश्न आमच्या मते एकच आहे, आणि म्हणूनच तो ह्या मासिकात काढण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

चिनी कुंभारांनी तर ह्या शिक्क्याची चांगलीच थट्टा करून ठेवली आहे. मिंग घराण्यातील चेंगह्वा बादशहाच्या कारकीर्दीत (१४६५ ते १४८७) झालेली भांडी पुढील पिढ्यांस आदर्शवत वाटत. चिंग घराण्याच्या कांगशी बादशहाचे राज्य १६६२ पासून १७२२ पर्यंत चालले. ह्या राज्यात, १६७७ साली, जिंगदेजेन ज्या मुलखात मोडते तेथील अधिकाऱ्याने चालू बादशहाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली. भांडे फुटून उकिरड्यावर गेले तर बादशहाच्या नावाचा अवमान होईल, ही भीती. कुंभारांनी मग पाठीवर एखादे पान काढले, रिकामी वर्तुळे काढली, आणि पुष्कळ वेळा दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वाचेच नाव घातले. ह्यात लबाडी किती आणि पूर्वसूरींविषयी आदर किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. विष्णुदास नाम्यावर खटला भरणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

विलायतेतील रसिकांस ह्याची दाद नव्हती. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८६० नंतर, लंडनमध्ये निळ्या चिनी भांड्यांचे जे वेड पसरले, त्यात व्हिसलर आणि रोझेटी ह्यांच्यासारखे कलावंत आघाडीवर होते. सर हेन्री थॉम्सन हा शस्त्रवैद्य. त्याच्या संग्रहाची सूची १८७८ साली निघाली, तिच्यासाठी भांड्यांची चित्रे व्हिसलरने काढली. सहा अक्षरांच्या शिक्क्याचे माहात्म्य इतके वाढले की 'पंच' साप्ताहिकात १८८० साली द्यू मोरियेने एका नवपरिणित जोडप्यास सहा अक्षरी चहादाणीपुढे उभे करून, आपल्या हातून हिच्या योग्यतेचे जिणे घडेल काय, अशा चिंतेत टाकले. आणि ह्या जाणकारांचे ज्ञान किती? फुटलेल्या बर्फाच्या रेषांवर विखुरलेली फुले काढलेल्या कुंड्यांस ते 'हॉथॉर्न' म्हणत. ती फुले चिनी अलुबुखाराच्या जातीच्या झाडाची, हिवाळा सरता सरता फुलणारी. इंग्रजी कुंपणातील काटेरी हॉथॉर्नशी त्यांचा संबंध नाही. पाठीवरची अक्षरे वाचणाऱ्यांस पुढचे फूल ओळखता आले नाही.

इतके दुसऱ्याचे झाले. आता आमचे ऐकावे. पुष्कळ वर्षांपूर्वी मुंबईच्या जुन्या बाजारात आम्ही एक निळी बशी घेतली. विक्रेत्याने ती हातकाम म्हणून दिली आणि आम्ही ती हातकाम म्हणून घेतली. तीवर वाकलेले झाड, तीन माणसे असलेला पूल, मंडप आणि आकाशात दोन पक्षी. सरदाराची कन्या आणि तिचा प्रियकर कारकून पळून जातात, बाप पाठलाग करतो, अखेरीस प्रेमिकांचे पक्षी होतात, ही कथा आम्ही वर्गात विद्यार्थ्यांस चिनी दंतकथा म्हणून मोठ्या रंगाने सांगितली. कुंचल्याचा एकेक फटकारा कसा जिवंत आहे, हेही सांगितले. अकरा वर्षे सांगितले. पुढे एका दुपारी ती बशी पुसताना काठावरील नक्षीत आमचे बोट अडले. नक्षीची पट्टी एके ठिकाणी मध्येच तुटून दुसऱ्या पट्टीस वेडीवाकडी भिडली होती. अर्धे फूल दुसऱ्या अर्ध्या फुलास जुळत नव्हते. हाताने काढणारा मनुष्य असे करीत नाही. जागा संपत आली की तो फूल लहान करतो. ही छापील बशी होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आकृती पातळ कागदावर उठवून तो कागद बशीवर दाबावयाचा, ही इंग्रजी कारखान्यांची रीत. कागदाचे दोन तुकडे जेथे भिडतात तेथे असा सांधा राहतो. झाडाची ती आकृती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातच जुळविली गेली, आणि आमची ती चिनी दंतकथा १८४९ साली एका इंग्रजी नियतकालिकात छापून आली होती. बशा आधी, कथा मागाहून.

तेव्हा अकरा वर्षे आम्ही काय पाहत होतो? लोकांनी पाठ पाहू नये, पुढचे अंग पाहावे, असा उपदेश करणे सोपे आहे. आम्ही पुढचेच अंग पाहत होतो आणि तरी फसलो. डोळा हा अडाणी असला तर त्यास जे सांगितले असेल तेच तो पाहतो. पाठीवरच्या अक्षरांनी फसणारा निदान वाचून फसतो. आम्ही न वाचता फसलो, एवढाच फरक.

म्हणून रेषा कशी होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. चिनी पद्धतीत भांडे भाजण्यापूर्वीच, कोरड्या कच्च्या अंगावर, चित्र काढतात. वर काचेसारखा लेप देऊन मग सुमारे १३०० अंश उष्णतेच्या भट्टीत एकदाच भाजतात. कोबाल्टच्या भुकटीचे पाणी कुंचल्यात घेतले की ते त्या वेळी निळे नसते. काळपट, राखाडी असते. कच्चे अंग ते पाणी टिपकागदासारखे पिऊन टाकते. खोडता येत नाही, पुसता येत नाही, थांबून विचार करता येत नाही. कुंचला जेथे थबकला तेथे डाग दाट झालाच. म्हणजे चितारी काळ्यात काढतो, निळे मनात धरतो, आणि आपण काय केले हे त्यास भट्टी उघडल्यावर कळते. हॉलंडातील डेल्फ्ट गावच्या कारागिरांस ही माती ठाऊक नव्हती. त्यांनी साधी माती एकदा भाजून तीवर कथिलाचा पांढरा लेप दिला, आणि त्या पिठूळ लेपावर चित्र काढून पुन्हा भाजले. आकृती टोचलेल्या कागदावर कोळशाची पूड थोपटून ते आधी ठिपके उठवीत, दाट रंगाने कड ओढीत व पातळ रंगाने पोट भरीत. डेल्फ्टच्या बशीचा काठ मऊ असल्यामुळे त्याचे कपचे सहज उडतात. आमचे एक स्नेही तिला भिंतीवर टांगण्यासाठी तारेचे आकडे लावतात व मग कपचे उडाले म्हणून हळहळतात!

आता ज्यास आपण हाताचे काम म्हणतो, तो हात कोणाचा? दांत्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट जिंगदेजेन येथे राहिला होता. त्याने १७१२ आणि १७२२ साली मायदेशी लिहिलेल्या पत्रांत तेथील कारखान्यांचे वर्णन आहे. एक चितारी केवळ काठाखालचे निळे वर्तुळ काढतो, दुसरा फुलांची कड ओढतो, तिसरा ती भरतो. एक भांडे पुरे होईपर्यंत सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे तो लिहितो. एकांतात बसून अंतःकरण ओतणारा कलावंत ही आमच्यासारख्या इंग्रजी काव्यावर पोसलेल्या लोकांची कल्पना येथे निकालात निघते. जन्मभर एकच पाकळी काढणारा मनुष्य कलावंत कसला, असे कोणी विचारील.

त्याने मोडी दप्तर पाहावे. पेशव्यांच्या दप्तरातील कारकून स्वतःचे मनोगत लिहीत नव्हता. दिवसभर तोच मायना, तीच वळणे, बोरू शक्य तो न उचलता. पण हजार वेळा लिहून त्याच्या हातास जी गती आली, तीमुळे एखाद्या कागदावरील ओळ वाऱ्याने शेत हलावे तशी हलते. हे कौशल्य त्या अक्षराविषयीच्या प्रेमातून आले की पोटाच्या काळजीतून, हे ओळीत दिसत नाही आणि विचारण्याचे कारणही नाही. जात्यावरच्या ओव्यांत आणि दारापुढच्या रांगोळीत हाच न्याय आहे.

जपानचा यानागी सोएत्सू ह्याने १९२५ च्या सुमारास ह्याच विचारास मोठे तत्त्वज्ञान केले आणि १९३६ साली तोक्योत लोककलेचे संग्रहालय उभे केले. अनामिक कारागिराच्या निर्हेतुक पुनरावृत्तीतच सौंदर्य उपजते, असा त्याचा आशय. आम्हांस तो अर्धाच पटतो. पुनरावृत्तीने हात मोकळा होतो, तसा तो मरतोही. त्याच दप्तरात शेकडो कागद असे आहेत की ज्यांवरची ओळ थकलेल्या बैलासारखी चालते. अनामिक असणे हा गुण नव्हे. तो केवळ शिक्क्याचा अभाव आहे, आणि शिक्क्यास भुलू नये म्हणणाऱ्याने त्याच्या अभावासही भुलू नये.

दोषांचीही अशीच गंमत आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी योंगले आणि श्वांदे ह्या बादशहांच्या काळी बाहेरदेशीचा कोबाल्ट वापरीत. तो जेथे दाट पडे तेथे लेपातून काळे ठिपके फुटत. कारागिराच्या इच्छेविरुद्ध घडलेली ही गोष्ट. तीनशे वर्षांनी, कोबाल्ट अधिक शुद्ध करता येऊ लागल्यावर, दरबारी चिताऱ्यांनी त्या जुन्या भांड्यांचे अनुकरण करताना कुंचल्याने मुद्दाम ठिपके टेकविले. जुन्या बशीत काळेपणा रेषेच्या ओघात उतरतो, नव्या बशीत तो रेषेवर बसविलेला असतो. हा भेद शिक्का न पाहता दिसतो, आणि दिसला की अनुकरण करणाऱ्याची अप्रतिम सफाईच त्याच्यावर उलटते. आर्ष प्रयोग ठिगळासारखे लावून ज्ञानेश्वरीची भाषा लिहू पाहणाऱ्यांची आम्हांस येथे आठवण होते. नावे घेत नाही.

किमतीविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. सॅक्सनीच्या ऑगस्टसाने १७१७ साली प्रशियाच्या राजास ६०० घोडेस्वार देऊन १५१ चिनी भांडी घेतली. ज्या शिपायांचे बशीशी काही देणेघेणे नव्हते, ते त्यापायी दुसऱ्या राज्यात गेले. डचांनी १६०२ साली सेंट हेलेनापाशी पकडलेले 'सां तियागो' हे पोर्तुगीज गलबत गोव्याहून निघाले होते. त्यातील चिनी भांडी हॉलंडात लिलावात गेली, आणि पुढे डेल्फ्टने ज्यांची नक्कल केली ती अशीच लुटीतून आलेली भांडी. जानेवारी १७५२ मध्ये बुडालेल्या 'गेल्डरमाल्सेन' ह्या डच जहाजावरील सुमारे दीड लाख भांडी १९८६ साली ॲम्स्टरडॅममध्ये विकली गेली. ती बाजारी निर्यातीची, घाईने चितारलेली. किनाऱ्यावर सुखरूप पोहोचती तर त्यांतील बहुतेक केव्हाच फुटून गेली असती. लोकांनी समुद्र विकत घेतला.

आमच्याकडे अशा संग्रहाची परंपरा फारशी का रुजली नाही, ह्याचे कारण स्वयंपाकघरात आहे. धातूचे ताट राखेने घासले की शुद्ध. मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की गेले. चिनी माती बरणीच्या रूपाने लोणच्यापुरती आत आली, बशीच्या रूपाने चहाबरोबर ओटीपर्यंत आली; पानात बसावयास तिला फार वेळ लागला. ज्यास निळ्या भांड्यांची चांगली उदाहरणे डोळ्यांनी पाहावयाची आहेत, त्याने मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा ह्यांच्या संग्रहांतील चिनी व जपानी दालन पाहावे. तेथे भांडी काचेआड असतात. उलटी करून पाहता येत नाहीत, हा आमच्या मते मोठाच लाभ.

छापील बशी आम्ही टाकलेली नाही. तिच्याशेजारी हल्ली एक दुसरी आहे; लहान, पाठ कोरी, काठाशी तडा गेलेली, मध्ये चारदोन फटकाऱ्यांचे एक रोप. तिच्या काठाखाली दोन निळी वर्तुळे आहेत. बशी चाकावर फिरती ठेवून कुंचला स्थिर धरला की अशी वर्तुळे होतात. आतले वर्तुळ जेथून सुरू झाले तेथेच पुरे मिळालेले नाही. केसभर खाली उतरून ते आरंभावरून पुढे गेले आहे, आणि जेथे दोनदा रंग बसला तेथे नखाएवढी जागा गडद निळी झाली आहे. विद्यार्थी घरी आले की आम्ही त्यांच्या हाती दोन्ही बशा देतो, कोठली कोणती हे सांगत नाही, आणि काठावरचे दोन सांधे शोधावयास लावतो.