'खंडणी' आणि 'विमुक्ती' : ख्रिस्ती तारणकल्पनेचे परीक्षण

ख्रिस्ती मतातील तारणाविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बहुधा एकाच वाक्यात निकाल लागतो : तेथे दुसरा तारतो, येथे स्वतःच तरावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात मोक्षदाता आणि मार्गदाता असा जो भेद केला, तो मूलगामी आहे. परंतु त्याच्या आधाराने दुसऱ्यांचे मूळ ग्रंथ न वाचण्याची सवय जडावी, हे आम्हांस इष्ट वाटत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूच्या प्राणार्पणासाठी 'लूट्रॉन' हा ग्रीक शब्द आला आहे. मराठी बायबलात त्याचे 'खंडणी' झाले. हा शब्द ऐकून मराठी वाचकास पेंढारी आठवावेत, हे दुर्दैव. मूळ शब्द युद्धकैदी वा गुलाम सोडविण्यासाठी भरावयाच्या रकमेचा आहे. त्यामागे इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेची यहुदी स्मृती आहे, आणि दारिद्र्यापायी विकल्या गेलेल्या नातलगास सोडवून आणणारा 'गोएल' हा आप्तही आहे. म्हणजे कल्पना मुळात व्यवहारातील, बाजारातील आहे.

रूपकाचा हिशेब मांडू लागताच अडचण उभी राहते. रक्कम कोणाला पोचली? तिसऱ्या शतकातील ओरिजेनच्या मते सैतानाला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने हे साफ नाकारले. दरोडेखोरास मोबदला कसला? १०९८ साली पूर्ण झालेल्या 'कुर देउस होमो' या ग्रंथात अन्सेल्मने सैतानाचा हक्कच काढून टाकला आणि मानवाने ईश्वराच्या सन्मानाचे ऋण थकविले आहे, असे प्रतिपादन केले. युक्तिवाद बांधेसूद आहे, पण त्यात धनको उरला आणि गुलाम नाहीसा झाला. ज्याच्या बेड्यांवरून हे रूपक निघाले, त्याची विचारपूस करणारे कोणी राहिले नाही.

म्हणून आम्हांस फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे छोटे पत्र अधिक मोलाचे वाटते. ओनेसिम नावाच्या दासाला पौल धन्याकडे परत पाठवितो. त्याला बंधू म्हणून स्वीकार, त्याचे काही देणे असल्यास माझ्या नावे मांड, असे कळवितो. येथे तारणाची भाषा प्रत्यक्ष एका दासाच्या खात्यापर्यंत येते. मात्र 'त्याला मुक्त कर' असे स्पष्ट शब्द पौल लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक, दोघांनीही याच पत्राचा आधार घेतला, तो या मौनामुळे.

हीच कसोटी आपल्या पिटकालाही लावली पाहिजे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पाच नीवरणांना ऋण, रोग, बंदिवास, दास्य व निर्जन वाट यांच्या उपमा आहेत. ऋणको व्यापार करून स्वतःच ऋण फेडतो. दास मात्र दास्यातून 'सुटतो'. क्रियापद कर्मणी आहे आणि त्याला कोणी सोडविले हे सांगितलेले नाही. पराधीन होता, अत्ताधीन, भुजिस्स झाला, एवढेच. खंडणी नाही, खंडणी भरणाराही नाही. पण धनी राजी कसा झाला, याचेही उत्तर नाही.

त्याच सुत्तात श्रमणजीवनाचे पहिले प्रत्यक्ष फळ म्हणून राजाच्या दासाचे उदाहरण येते. प्रव्रजित झालेल्या त्या दासाला परत मागशील काय, या प्रश्नावर अजातशत्रू म्हणतो, उलट आम्हीच त्याला वंदन करू. हे वाचून मन भरून येते. पुढे विनयातील महावग्ग उघडावा : दासास प्रव्रज्या देऊ नये, ऋणकोसही देऊ नये, असा नियम आहे. धन्यांच्या व सावकारांच्या तक्रारी संघापर्यंत येऊ नयेत, ही त्यामागची व्यावहारिक गरज समजू शकते. तरीही पौलाला विचारलेला प्रश्न विनयधरांना चुकत नाही. उपसंपदेच्या वेळी उमेदवारास आजही विचारले जाते : तू भुजिस्स आहेस काय? ऋणमुक्त आहेस काय?