दापोडीची वनस्पतिचित्रे

दापोडी (जि. पुणे) येथील वनस्पतिउद्यानात १८४७–५० ह्या काळात काढलेल्या सुमारे १७० रंगीत चित्रांचा संग्रह. व्हिक्टोरियन काळातील वैज्ञानिक चित्रकाराचे शिक्षण, नेमणूक व श्रेय यांच्या अभ्यासात त्याला महत्त्व आहे. दापोडी हे रहाटणीच्या आग्नेयीस असून दोन्ही गावे पुढे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाली.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये हे उद्यान स्थापन केले. १८३८ पासून त्याची व्यवस्था ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) यांच्याकडे होती. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्याच सुमारास त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून उद्यानातील वनस्पतींची चित्रे काढवून घेण्यास प्रारंभ केला. ह्या चित्रकाराचे नाव नोंदले गेले नाही. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली. त्यापूर्वीचे हे काम आहे.

दाबून वाळविलेल्या नमुन्यात फुलाचा रंग व ठेवण टिकत नाही. म्हणून ताजी डहाळी कोमेजण्यापूर्वी तिचे यथातथ्य चित्र काढावे लागे. पानांची मांडणी, पाकळ्या व केसरदले यांची संख्या यांत चूक झाल्यास चित्र कितीही सुंदर असले, तरी शास्त्रदृष्ट्या निरुपयोगी ठरे. त्यामुळे चित्रकाराला वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली पाहण्याची शिस्त अंगी बाणवावी लागे. ग्लासगो येथे कापडछपाईचे नमुने काढणारा उमेदवार वॉल्टर हुड फिच (१८१७–९२) याला सर विल्यम हूकर यांनी १८३४ मध्ये उमेदवारीच्या करारातून सोडवून असेच तयार केले. त्याची हजारो चित्रे प्रसिद्ध झाली. मात्र मोबदल्यावरून मतभेद होऊन १८७७ मध्ये त्याने ‘क्यू’ येथील नियतकालिकाचे काम सोडले. कुशल चित्रकारही आश्रयदात्यावर किती अवलंबून असे, हे त्यावरून दिसते.

फिचचे नाव टिकले, ते केवळ गुणवत्तेमुळे नव्हे. त्याच्या शिलामुद्रित चित्रांवर ते छापले जात असे. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांच्या ग्रंथांतील चित्रांवरही रंगय्या व गोविंदू ह्या चित्रकारांची नावे आढळतात. वाइट यांनी १८५३ मध्ये आमरांच्या (ऑर्किडांच्या) एका प्रजातीला गोविंदूचे नाव दिले. दापोडीच्या चित्रकाराला ही संधी लाभली नाही. गिब्सन व एन. ए. डॅल्झेल यांचा द बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला, तो चित्रांविनाच. चित्रे एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात राहिली. एच. जे. नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ती अभ्यासकांपुढे आली.

हा संग्रह गिब्सन यांच्या पुढाकाराने तयार झाला. उद्यान, वनस्पतींची निवड व खर्चाची तजवीज यांचे श्रेय त्यांना देणे रास्त आहे. परंतु रेषेचा नेमकेपणा व रंगाची पारख ही चित्रकाराची. पोर्तुगीज-भारतीय एवढी जातकुळी सांगून त्याची ओळख पुरी होत नाही. नामनिर्देशाचा अभाव हा कलागुणांचा अभाव मानणे चुकीचे असून, अशा संग्रहांचे मूल्यमापन करताना आश्रयदाता व कारागीर यांचा वाटा वेगवेगळा मांडणे आवश्यक ठरते. मूळ उद्यान पुढे बंद पडले. दापोडीच्या त्या बागेतील झाडांचे मूळ रंग मात्र ह्या अनाम हातामुळेच उपलब्ध आहेत.