कानात लसणाचं तेल : पुरावा काय म्हणतो?

नांदेड-लातूरकडच्या घरांत लेकराचा कान ठणकायला लागला की आधी पळी गॅसवर जाते. करडईचं नाहीतर तिळाचं तेल, त्यात ठेचलेली लसणाची पाकळी. पाकळी लाल झाली की तेल कोमट करून दोन थेंब कानात. आमच्याही कानात ते पडलेलं आहे, आणि बरं वाटलं होतं. तपासायचंय ते हेच 'बरं वाटणं'.

याच्या बाजूने इस्रायलमधले दोन अभ्यास सांगितले जातात. २००१ साली १०३ मुलांवर लसूण आणि इतर वनस्पती घातलेले ऑलिव्ह तेलाचे थेंब, कान बधिर करणाऱ्या थेंबांशी ताडून पाहिले. दोन्ही सारखेच उतरले. 'सिद्ध झालं' म्हणणारे इथेच थांबतात. पण नुसतं तेल घातलेला गट त्यात नव्हताच! मग श्रेय लसणाचं कसं? २००३ साली १७१ मुलं घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा वनस्पतींचे थेंब सरस ठरले खरे, पण अभ्यासकांनीच लिहिलं की दुखणं बहुतांशी, सुमारे ८० टक्के, आपसूकच उतरत होतं. आणि आपल्या पळीतलं तेल म्हणजे ते थेंब नव्हेत.

कुणी म्हणेल, ग्रंथात कर्णपूरण आहे. आहे ना. पण सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग वेगवेगळे सांगितलेत. पळीला मात्र एकच रोग माहीत. सर्दीनंतर ठणकतो तो पडद्यामागचा भाग, आणि पडदा शाबूत असेल तर तेल तिथवर पोचत नाही. पडद्याला भोक असेल तर पोचतं, आणि नेमकं तेव्हाच ते जायला नको. वाहत्या कानात तेल घालत महिने काढले की ऐकू येणंच कमी होतं, हे आमचं खरं भांडण आहे.

सायनसचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली छापलेल्या चाचणीत मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा थोडा फायदा दिसला. वाफेने डोकेदुखी सोडता फारसं काही झालं नाही. ओव्याच्या वाफेवाल्यांनी रागावू नये.

नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एका गटाला नुसतं कोमट तेल, दुसऱ्याला लसणाचं, आधी प्रत्येकाचा पडदा तपासून. एवढी चाचणी इथे होऊ शकते. तोवर कान वाहत असेल, ताप असेल, ऐकू कमी येत असेल, तर पळी खाली ठेवा आणि आधी कान दाखवून या.